विंडोज १० ची मुदत संपली. श्रीलिपीतल्या पंधरा वर्षांच्या फायलींचे काय करावे?

प्रश्न : मी कऱ्हाडला घरूनच मराठी टायपिंग आणि डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावण्याची, कामे घेते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, सभांच्या नोटिसा आणि दरवर्षी एका दिवाळी अंकाची पाने, असे कामाचे स्वरूप आहे. लॅपटॉप २०१६ सालचा असून त्यावर विंडोज १०, पाने लावण्याचे पेजमेकर आणि मराठी फॉन्ट व टायपिंगचे श्रीलिपी आहे. विंडोज १० चा आधार संपल्याचा संदेश सारखा येतो, आणि हा लॅपटॉप विंडोज ११ साठी पात्र नाही असेही दाखवतो. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, ‘मावशी, विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून देतो, फुकट आहे, एका दुपारचे काम आहे.’ कॅनडातला मुलगा ॲपलचा मॅक घेऊन द्यायचे म्हणतो. मराठी टाइपरायटरची परीक्षा दिली तेव्हापासून बोटांना जी सवय लागली आहे तिचे काय होणार, आणि पंधरा वर्षांच्या फायली उघडतील का, या काळजीने मी काहीच ठरवू शकलेले नाही. या वयात नवा संगणक शिकणे जमेल का? – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात संगणकाविषयी तीन प्रश्न आहेत आणि फायलींविषयी एक. माझ्या मते त्या एका प्रश्नाचे उत्तर आधी शोधले पाहिजे, कारण विंडोज ११, लिनक्स किंवा मॅक यांपैकी काहीही घेतले तरी तो प्रश्न तुमच्यासोबत येणारच आहे. तिकडे वळण्याआधी त्या संदेशाची भीती थोडी कमी करतो.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला याचा अर्थ तुमचा लॅपटॉप त्या दिवसापासून निकामी झाला असा नाही. नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींवर मायक्रोसॉफ्ट कंपनी जी दुरुस्ती पाठवत असे, ती थांबली, इतकाच त्याचा अर्थ आहे. त्यातही घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा दुरुस्तीची योजना ठेवली आहे. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर तिची नोंदणी करता येते, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, आणि संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवण्यास संमती दिली तर पैसेही पडत नाहीत. ही नोंदणी आजच करून घ्या. तुमचा लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र नाही, हेही खरेच असणार, कारण अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत आणि २०१६ सालचे लॅपटॉप बहुधा पाचव्या-सहाव्या पिढीतले असतात. काही मंडळी ही तपासणी चुकवून विंडोज ११ बसवून देतात. ज्या यंत्रावर पोट अवलंबून आहे त्यावर हा खटाटोप करू नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

आता फायली. श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकचे जुने डीव्हीबी फॉन्ट ज्या काळात तयार झाले, त्या काळी सर्वसामान्य संगणकाला देवनागरी अक्षर हे अक्षर म्हणून ठाऊकच नव्हते. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवली. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असा शब्द टाइप केला तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच एवढी पाच रोमन अक्षरे साठतात, आणि आपल्याला मराठी दिसते ती केवळ त्या फॉन्टच्या कृपेने. श्रीलिपीतली मांडणी वेगळी आहे, पण तत्त्व हेच. फॉन्ट काढून घेतला की मजकुराचा अर्थहीन गिचमिडा उरतो. उलट युनिकोड या, प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या, जागतिक पद्धतीत क हा कच असतो. फॉन्ट बदलला तर त्याचे रूप बदलते, ओळख बदलत नाही. २००१ सालच्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकरची नवी आवृत्ती आलीच नाही आणि त्याला युनिकोड कळत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या छापखान्यांत पेजमेकर आणि जुने फॉन्ट एकमेकांना धरून आजही टिकून आहेत.

तुमच्या भाच्याचा हेतू चांगला आहे, आणि मिंट बसवायला खरोखरच एक दुपार पुरते. परंतु त्या दुपारी त्याने सरसकट ‘जुने पुसून नवे टाक’ हा पर्याय निवडला, तर संध्याकाळी तुमच्याकडे वेगाने चालणारा लॅपटॉप असेल आणि त्यावर पेजमेकर नसेल, श्रीलिपी नसेल, आणि श्रीलिपीचे डोंगल, म्हणजे ती चालण्यासाठी संगणकाला लावायची परवान्याची किल्ली, लावूनही उपयोग नसेल, कारण तुमच्याकडची ही दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी लिहिलेली आहेत. तो म्हणेल की वाइन नावाच्या सोयीने विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात. चालतात, पण डोंगल आणि स्वतःचा कळफलक बाळगणाऱ्या प्रोग्रॅमसाठी त्या सोयीवर धंदा टाकू नये. तो असेही म्हणेल की श्रीलिपीच्या फॉन्टच्या फायली नुसत्या कॉपी केल्या की जुना मजकूर दिसेल. त्यातला काही दिसेलही, पण त्यात नवे शब्द टाइप करणे आणि चुका दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय ते फॉन्ट तुम्हाला त्या सॉफ्टवेअरसोबत वापरण्यासाठी मिळालेले आहेत, हेही ध्यानात ठेवावे लागते.

तेव्हा विंडोज चालू असतानाच, त्याच लॅपटॉपवर, आधी फायली वेगळ्या करा. पंधरा वर्षांतल्या बहुतेक फायली तुम्ही पुन्हा उघडणार नाही. २०१३ मधल्या एखाद्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत पुन्हा बदल करायची वेळ येत नाही; फार तर कुणाला ती नमुन्यादाखल पाहायची असते. अशा सर्व कामांची पीडीएफ करून ठेवली की पुरे, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो आणि पान कोणत्याही संगणकावर होते तसे दिसते. त्यातला मजकूर शोधता किंवा कॉपी करता मात्र येणार नाही. कॉपी केला तर पुन्हा तोच गिचमिडा हाती येईल. दरवर्षी थोडा बदल करून लागणाऱ्या फायली, म्हणजे अहवालांचे साचे, नोटिसांचे मसुदे, दिवाळी अंकाच्या संपादकीय पानांची ठरलेली रचना, एवढ्याच युनिकोडमध्ये आणायच्या आहेत. बसून यादी केली तर तुमच्या भीतीपेक्षा ती बरीच लहान निघेल, असा माझा अंदाज आहे. आणि या सगळ्याच्या आधी, पीडीएफ आणि रूपांतर यांनाही हात लावण्यापूर्वी, संपूर्ण संग्रहाची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटात ठेवून द्या.

रूपांतरासाठी पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढावा लागतो आणि तो कन्व्हर्टरमधून जावा लागतो. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांत अशी सोय मिळते, आणि इंटरनेटवर फुकट कन्व्हर्टरही आहेत. मात्र पक्षकाराची कागदपत्रे किंवा सोसायटीच्या थकबाकीदारांची यादी अशा अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका. ती माहिती तुमची नसते, ती विश्वासाने तुमच्याकडे दिलेली असते. रूपांतर झालेला मजकूर तपासल्याशिवाय वापरू नये, कारण चुका ठरलेल्या जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. म्हणून ‘निर्मिती’, ‘कार्यकर्त्यांनी’, ‘वार्षिक’ असे शब्द कन्व्हर्टरची परीक्षा पाहतात, आणि जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की त्याची हमखास गफलत होते. त्याखालोखाल त्रास देतात ते ‘दुसऱ्या’मधला अर्धा र, ‘ॲ’ आणि ‘ज्ञ’. तुमच्या गावाचे नाव ही यासाठी अगदी उत्तम कसोटी आहे. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो, दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एका प्रकारे लिहिलेले कऱ्हाड शोधताना दुसऱ्या प्रकारे लिहिलेले सापडेलच असे नाही. पत्त्यांच्या यादीत याचा फटका बसतो. त्यामुळे रूपांतरानंतर ‘शोधा आणि बदला’ वापरून सर्वत्र एकच रूप करून घ्यावे.

बोटांच्या सवयीविषयी तुम्ही लिहिले आहे, आणि मला तीच खरी अडचण वाटते. टाइपरायटरच्या कळफलकावर आपण डोळ्यांना दिसते त्या क्रमाने टाइप करतो, म्हणजे ‘कि’साठी आधी वेलांटी आणि मग क. इनस्क्रिप्ट या कळफलकावर उच्चाराचा क्रम चालतो, आधी क आणि मग वेलांटी. ‘कार्य’ लिहिताना र आणि पायमोडके चिन्ह य च्या आधी येतात. वेगाने टाइप करणारी बोटे नेमकी इथे अडखळतात, आणि काही दिवस स्वतःचाच राग येईल इतकी अडखळतात. तरीही मी इनस्क्रिप्टचाच आग्रह धरीन, उच्चारानुसारी रोमन कळफलकाचा नाही. तुम्ही मुळात कळफलक न पाहता टाइप करणाऱ्या आहात, आणि मराठी शब्द मनात रोमनमध्ये उतरवून पुन्हा देवनागरीत आणण्याचा द्राविडी प्राणायाम तुम्हाला सोसणार नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. क च्या कळीवर शिफ्ट दाबले की ख, त च्या कळीवर थ, प च्या कळीवर फ, अशी तिची शिस्त आहे. ‘कऱ्हाड’ लिहायला के, शिफ्टसह जे, डी, यू, ई आणि डावा चौकटी कंस अशा सहा कळा लागतात, आणि विंडोजवर असा किंवा लिनक्सवर, त्या सहा कळा बदलत नाहीत. हे शिकण्यासाठी नवा संगणक लागतच नाही. विंडोज १० च्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की हा कळफलक लगेच मिळतो. गिऱ्हाइकांची कामे जुन्याच पद्धतीने चालू ठेवून रोज अर्धा तास वर्तमानपत्रातला एखादा उतारा इनस्क्रिप्टवर टाइप करा. सरावाला दोन महिने लागतील असे धरून चाला. परीक्षेचा वेग परत यायला कदाचित त्याहून अधिक काळ जाईल, पण नोटिसा आणि अहवाल यांपुरता हात त्याआधीच बसतो.

मांडणीचे काम लिनक्सवर होते का, याचे प्रामाणिक उत्तर असे की अहवाल, नोटिसा आणि पुस्तकाची साधी पाने लिबर ऑफिस या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित होतात. दिवाळी अंकासारख्या अनेक रकान्यांच्या पानांसाठी आणि रंगीत छपाईच्या पीडीएफसाठी स्क्रायबस हे पेजमेकरसारखे सॉफ्टवेअर शिकावे लागते. त्याची १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या, कारण देवनागरी जोडाक्षरे तिथपासून भरवशाची झाली. पेजमेकरमध्ये वाढलेल्या माणसाला स्क्रायबसची कल्पना परकी वाटत नाही, कारण इथेही मजकुराच्या चौकटी आखून एकीतून दुसरीत मजकूर वाहता ठेवायचा असतो. ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि विंडोजवरही चालतात, म्हणून त्यांचा सरावही आताच्या लॅपटॉपवरच करता येईल. फॉन्टची चणचण पूर्वीसारखी राहिलेली नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू, तसेच तिरो देवनागरी मराठी, नोटो असे युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात, आणि व्यावसायिक कामात वापरायला त्यांचा परवाना आड येत नाही. पत्रिकांसाठी लागणारी श्रीलिपीची नक्षीदार अक्षरे आणि चौकटी मात्र तुम्हाला चुकल्यासारख्या वाटतील. तिथे मोफत फॉन्ट अजून तोकडे पडतात, हे कबूल करावे लागेल.

प्रूफ पाहणाऱ्यांना खटकणारी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. लिबर ऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली तर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी प्रमाण ठरवले आहेत, आणि दिवाळी अंकाचे संपादक ते बारकाईने पाहतात. पर्यायांच्या खिडकीत भाषेच्या पानावर देवनागरीसारख्या लिपींसाठी वेगळी नोंद असते. तिथे मराठी निवडा, आणि फॉन्टमध्ये मराठी रूप असेल तर ते आपोआप येईल. छापखान्याशीही आधीच बोलून घ्या. पुष्कळ छापखाने आता पीडीएफ स्वीकारतात, पण काही ठिकाणी शेवटच्या क्षणी दुरुस्ती करता यावी म्हणून पेजमेकरचीच फाइल मागतात. तुमचा छापखाना तसा असेल तर त्या गिऱ्हाइकापुरते जुने विंडोज ठेवावेच लागेल.

ते ठेवण्यात गैर काही नाही, आणि माझा सल्लाही तोच आहे. लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क, बसवून तिच्यावर मिंट टाकावे, आणि आत्ताची हार्डडिस्क विंडोज, पेजमेकर, श्रीलिपी यांसह जशीच्या तशी राखावी. काही लॅपटॉपमध्ये दोन्ही बसतात. बसत नसतील तर एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम ठेवून चालू करताना निवड करता येते. वाढीव मुदत संपल्यावर विंडोजला इंटरनेट देऊ नका. जालावर न जाणाऱ्या यंत्राला बाहेरून येणारा धोका पुष्कळच कमी असतो. पेन ड्राइव्हमधून येणारा तेवढा सांभाळावा लागतो. भाच्याला विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करायला सांगा, कारण ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मग लिनक्समधून त्या डिस्कवरच्या फायली वाचता येतात पण बदलता येत नाहीत.

काहीही बसवण्यापूर्वी मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. डिस्कवरच्या एकाही फाइलला धक्का लागत नाही. पेन ड्राइव्हवरून ते संथ चालते, त्यावरून निष्कर्ष काढू नका. त्या वेळी वाय-फाय, आवाज आणि पडद्याचा प्रकाश पाहून घ्या, पण खरी परीक्षा प्रिंटरची घ्या. आपल्याकडच्या डीटीपी आणि झेरॉक्सच्या दुकानांत घरोघर असलेला कॅननचा एलबीपी २९०० तुमच्याकडे असेल तर सावध राहा. तो प्रिंटर छपाईची भाषा स्वतः समजत नाही, ते काम संगणकातल्या त्याच्या खास ड्रायव्हरवर सोपवतो, आणि लिनक्सवर तो ड्रायव्हर बसवणे जिकिरीचे असते. एचपीचे बहुतेक प्रिंटर त्या मानाने सहज ओळखले जातात. श्रीलिपीत पान लावून पीडीएफ करा आणि तीच पीडीएफ मिंटमधून छापून पाहा. समास आणि काळेपणा जुन्या प्रतीशी जुळला तर अर्धी शंका तिथेच फिटेल.

बाकी रोजचा वापर, म्हणजे ईमेल, बँकेचे संकेतस्थळ, सातबारा काढणे, व्हॉट्सअॅप वेब, हे सारे ब्राउझरमध्ये चालते आणि त्यात फरक जाणवत नाही. घरात कुणी डिजिटल सहीचे टोकन वापरत असेल तर ते काम विंडोजवरच राहू द्या.

वयाचे विचारले आहे म्हणून सांगतो, की ज्यांनी टाइपरायटरवरून संगणकावर आणि संगणकावर पेजमेकरकडे मजल मारली, त्यांना हे तिसरे वळण जड जाऊ नये. अडचण वयाची कमी आणि वेळेची जास्त असते. श्रावणापासून नवरात्रापर्यंत दिवाळी अंकाचे काम आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, या काळात सिस्टिम बदलायचा विचारही करू नका. आषाढी एकादशीनंतर पत्रिका थांबतात आणि अंकाचा मजकूर अजून आलेला नसतो, ते दिवस तुमच्या कामाच्या दृष्टीने मोकळे आहेत. फायलींची छाननी आणि इनस्क्रिप्टचा सराव मात्र त्याची वाट न पाहता सुरू करा, म्हणजे भाचा पेन ड्राइव्ह घेऊन येईल तेव्हा हलवायचे सामान आवरलेले असेल. त्याने जे जे केले ते त्याच्याकडून वहीत लिहून घ्या, पासवर्डसकट. परीक्षेच्या दिवसांत तो फोन उचलणार नाही.

मॅक उत्तम यंत्र आहे, पण तुमच्या कामाला तो आत्ता उपयोगी नाही. तुमच्याकडच्या विंडोजवरच्या श्रीलिपी आणि पेजमेकरच्या बाबतीत तो लिनक्सइतकाच परका, आणि २०२० पासून ॲपलने स्वतःची चिप वापरायला सुरुवात केल्यावर त्यावर विंडोज थेट बसवण्याची जुनी सोयही गेली. मुलाला आईसाठी खर्च करायचाच असेल तर त्याच्याकडून एसएसडी, बॅकअपसाठी एक हार्डडिस्क आणि चोवीस इंची मॉनिटर मागून घ्या. त्या मॉनिटरवर समोरासमोरची दोन पाने वाचता येतील इतकी मोठी दिसतात, आणि पुढे कोणताही संगणक घेतला तरी तो त्याला जोडता येतो.